४२ एसएच मॅग्नेट चीनमधे अडकलेत. आपली सरकारी कंपनी प्रभादेवीत बसलीय, मग आपण का बनवत नाही?

साकीनाका_रोटर

नमस्कार मंडळी. साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे, पॅकिंग मशीनवाल्यांसाठी सर्वो मोटर बनवतो आणि रिपेअरही करतो, सहा माणसं कामाला. रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, ४२ एसएच ग्रेडचा निओडिमियम मॅग्नेट लागतो, म्हणजे मोटर तापली तरी दीडशे डिग्रीपर्यंत ताकद न सोडणारा. आधी सप्लायरला मेसेज टाकला की काही आठवड्यांत माल न्हावाशेवाला, विषय संपला. मग ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) धातूंवर एक्स्पोर्ट लायसन लावलं, त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम आहेत, आणि एसएच ग्रेडमधे नेमकं तेच घालतात. सप्लायरने फॉर्मांचा गठ्ठा पाठवला, माल कोण वापरणार, कशात वापरणार, लष्करी कामाला जाणार नाही हे लिहून द्या, त्यावर शिक्के आणा. साधा एन-३५ ग्रेड हवा तेवढा मिळतोय पण तो आमच्या मोटरमधे गरम होऊन मरतो.

भांडण अमेरिका-चीनचं, तिकडे टॅरिफ लागला म्हणून इकडून हे निघालं, पण नियम सगळ्या जगाला. ३० ऑक्टोबर २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले तेव्हा चीनने ऑक्टोबरातले नवीन कडक नियम वर्षभर थांबवले, एप्रिलचं लायसन मात्र तसंच राहिलं.

माझा प्रश्न असा की सिद्धिविनायकाजवळ आयआरईएलचं ऑफिस आहे, १९५० पासूनची सरकारी कंपनी, पूर्वीचं नावच इंडियन रेअर अर्थ्स. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावर वाळूत हा माल पडलाय, साठ्यात आपला जगात तिसरा नंबर सांगतात. मग पंच्याहत्तर वर्षांत एक मॅग्नेट का नाही झाला? राजकारण नकोय, खरंच समजून घ्यायचंय.

भट्टीवाला_काका

साकीनाका, माझी उभी नोकरी पावडर मेटलर्जीत, म्हणजे धातूची पूड दाबून-तापवून वस्तू करण्यात गेली म्हणून जरा लांब लिहितो. वाळू आणि मॅग्नेट यांच्यामधे पाच-सहा वेगवेगळे कारखाने आहेत हे लोकांच्या लक्षात येत नाही. वाळूतून मोनाझाइट हे खनिज निवडायचं, ते कॉस्टिक सोड्यात शिजवायचं, त्यातलं किरणोत्सारी थोरियम बाजूला काढायचं (या थोरियमपायीच हा सगळा माल अणुऊर्जा खात्याकडे राहिला आणि खाजगी उद्योग त्यात वाढलाच नाही). उरतात ते धातू सख्ख्या भावंडांसारखे, रसायनात एकमेकांपासून ओळखू येत नाहीत, ते सुटे करायला सॉल्व्हंटच्या टाक्यांतून शेकडो टप्पे फिरवावं लागतं तेव्हा कुठे शुद्ध ऑक्साइड हातात येतं. इथपर्यंत आयआरईएल करते, शेवटचा टप्पा केरळात अलुव्याला.

पुढची साखळी आपल्याकडे नव्हती म्हटलं तरी चालेल. ऑक्साइडचा धातू करायचा, लोखंड आणि बोरॉनबरोबर वितळवायचा, हायड्रोजन देऊन भुगा करायचा, जेट मिलमधे तीन-चार मायक्रॉनचं पीठ दळायचं, आणि हे पीठ हवा लागली की पेट घेतं त्यामुळे सगळं नायट्रोजनखाली. मग चुंबकी क्षेत्रात दाबून व्हॅक्यूम भट्टीत हजार डिग्रीच्या वर सिंटर करायचं (म्हणजे तापवून पीठाचा घट्ट ठोकळा करायचा), घासून मापाला आणायचं आणि निकेल चढवायचं. प्रत्येक टप्प्यावर हात बसायला वर्षं जातात. भट्टीत ऑक्सिजन किंचित जास्त राहिला तर अख्खी बॅच भंगारात. विशाखापट्टणमला आयआरईएलने मॅग्नेटचा प्लांट टाकलाय पण तो समेरियम-कोबाल्टचा, मुख्यतः संरक्षण आणि अवकाशाच्या कामाचा, तुमच्या रोटरला त्याचा उपयोग नाही.

तुमच्या ग्रेडची खरी अडचण आणखी वेगळी आहे. आपल्या वाळूत निओडिमियमसारखे हलके धातू आहेत, डिस्प्रोसियम नावाला. ते येतं दक्षिण चीनच्या मातीतून आणि म्यानमारच्या काचिन भागातून. म्हणजे उद्या सगळे कारखाने उभे राहिले तरी एसएचसाठी हात पसरावाच लागेल.

आणि चीनने हे एका रात्रीत मिळवलं नाही. हा मॅग्नेट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी शोधला गेला. जनरल मोटर्सची मॅग्नेटची कंपनी मॅग्नेक्वेंच १९९५ मधे चिनी भागीदार असलेल्या गटाने विकत घेतली, पुढे इंडियानातला प्लांट बंद होऊन काम चीनला गेलं. डिसेंबर २०२३ मधे त्याच चीनने मॅग्नेट बनवायचं तंत्र बाहेर द्यायला बंदी घातली. आमच्या पिढीने हे डोळ्यांसमोर होताना पाहिलं आणि स्वस्त मिळतंय ना मग बास, असं म्हणत राहिलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लोहारचाळ_माळ्यावरून

काका बरोबर बोलले पण दराचं कोणीच बोलत नाही. मी मोटर पार्ट्सचा धंदा करतो, गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी पार्टी बदलतं. उद्या भारतात मॅग्नेट निघाला आणि चीनने भाव पाडला तर घेणार कोण? अमेरिकेत मॉलीकॉर्पचं हेच झालं, २०१० मधे टंचाई आली तेव्हा कॅलिफोर्नियाची माउंटन पास खाण जोरात चालू करायला घेतली, भाव कोसळले आणि २०१५ ला कंपनी दिवाळखोरीत. म्हणून जुलै २०२५ मधे तिथल्या संरक्षण खात्याने त्याच खाणीच्या आताच्या कंपनीशी, एमपी मटेरियल्सशी, करार करताना निओडिमियम-प्रासियोडिमियमला (मॅग्नेटमधे जाणारे हलके धातू) किलोमागे किमान ११० डॉलर भाव बांधूनच दिला, दहा वर्षांसाठी. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मधे ७,२८० कोटींची योजना मंजूर झाली, वर्षाला ६,००० टन मॅग्नेटची क्षमता उभी करायची. चांगलंच आहे. पण कारखाना उभा राहिल्यावर त्याला बांधलेलं गिऱ्हाईक पाहिजे, नाहीतर शेड राहील आणि भट्टी थंड.

पवई_वेफर

नाक दाबलं की तोंड उघडतं, दोन्ही बाजूंनी तेच चाललंय. चीनने मॅग्नेट धरला कारण अमेरिकेने आधी चिप धरली होती. ७ ऑक्टोबर २०२२ ला अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवायच्या मशिनरीवर निर्बंध लावले. सगळ्यात बारीक चिपवर प्रकाशाने नक्षी छापायला जे ईयूव्ही मशीन लागतं ते जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्सची एएसएमएल, आणि ते चीनला कधीच विकू दिलं नाही. तरी ऑगस्ट २०२३ मधे ह्युवावेने मेट ६० प्रो आणला त्यात चीनमधेच बनलेली ७ नॅनोमीटरची चिप निघाली, जुन्या पद्धतीच्या मशीनवर जास्त फेऱ्या मारून केलेली. महाग पडली असेल पण झाली.

आपणही यातून गेलोय हो. अमेरिकेने सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिला तेव्हा पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था उभी राहिली आणि १९९१ ला परम ८००० तयार झाला. आणि साकीनाका, तुम्ही प्रभादेवीच्या ज्या ऑफिसचं म्हणता ते स्वतःच पोखरणनंतर अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत होतं, भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर. यादीतून नावं निघाली जानेवारी २०२५ मधे. त्याच महिन्यात एआयच्या चिप किती कोणाला द्यायच्या याचा जो नियम आला त्यात अमेरिकेच्या जवळच्या अठरा मित्रदेशांत आपण नव्हतो, मे महिन्यात तो नियम मागे घेतला ते वेगळं. त्यामुळे या भांडणात एक बाजू आपली आणि एक परकी असं धरून चालू नका.

कांजूर_स्लो

बुलेट ट्रेनचं विसरलात. बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा, ठाणे खाडीखालून ७ किलोमीटर, त्याची खोदायची मशीनं जर्मन कंपनीची पण बनली चीनमधे ग्वांगझूला, आणि २०२५ मधे ती तिकडेच अडकल्याच्या बातम्या होत्या. नाव जर्मन असलं म्हणून काय झालं, बंदर कोणाचं ते बघायला लागतं.

एक सांगायचंय, उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. २०१० ला सेन्काकू बेटांजवळ मासेमारी बोटीवरून वाद झाला आणि चीनकडून जपानला जाणारा हा माल अडला. जपानने ऑस्ट्रेलियाच्या लायनस या रेअर अर्थ खाणकंपनीत सरकारी पैसा घातला, साठा केला, कमी डिस्प्रोसियम लागेल असे मॅग्नेट काढले. पंधरा वर्षं झाली, अजून पूर्ण सुटले नाहीत पण एकाच दारावर उभे नाहीत. आपण २०१० लाच ही बातमी वाचली होती, तेव्हा काही केलं नाही याचा मला राग येतो.

साकीनाका_रोटर

सगळ्यांचे आभार, काका तुमचं तर दोनदा वाचलं. पेट घेणारं पीठ हे मला माहीतच नव्हतं, मी आपला मॅग्नेट म्हणजे लोखंडाचा तुकडा समजत होतो. लोहारचाळवाले दादा, दराचं म्हणाल तर आत्ता लाइन बंद ठेवून जे नुकसान होतंय त्यापेक्षा दीडपट भावाचा देशी मॅग्नेट मला परवडेल, मी लिहून द्यायला तयार आहे, पण माझी ऑर्डर काही किलोंची, कोणता प्लांट विचारणार मला? आमच्यासारख्या पन्नास गाळ्यांची मिळून एक ऑर्डर होते का ते असोसिएशनमधे विचारतो.

तोपर्यंत एका पार्टीला फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडच्या साध्या) मॅग्नेटवर मोटर बदलून देऊ का विचारलंय. मोटर जाड होईल, फ्रेम बदलेल, पण फेराइटमधे यातला एकही धातू नाही.

भट्टीवाला_काका

फेराइट गरम झाल्यावर नाही, थंडीत दगा देतो, ते लक्षात ठेवा. मोटर थंड असताना एकदम जास्त करंट गेला तर मॅग्नेटची ताकद कायमची उतरते. कोल्ड स्टोरेजला जाणारी मोटर असेल तर करू नका. नसेल तर रोटरचं ड्रॉइंग टाका इथे, रविवारी बसून बघतो.

साकीनाका_रोटर

नाही काका, फरसाणच्या पॅकिंगला आहे, भट्टीच्या शेजारीच चालते. ड्रॉइंग उद्या सकाळी टाकतो.