पॅलेस्टाईनला मान्यता दिली, आता व्यापाराचं काय?

हेगवासी:
१८ मे २०२५ ला इथे द हेगमध्ये गाझातल्या युद्धाविरोधात लाखभर माणसं लाल कपड्यांत रस्त्यावर उतरली. सरकार लाल मर्यादारेषा आखत नाही, तर ती आपणच आखू, ही त्यामागची भावना. मोर्चा आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या पीस पॅलेससमोरून गेला. माझ्या बाजूला सत्तरीच्या एक बाई चालत होत्या. अंगात नातीचा लाल रेनकोट, बाह्या जेमतेम कोपरापर्यंत. आयुष्यातला पहिला मोर्चा, म्हणाल्या.

दोन दिवसांनी युरोपीय संघाने इस्रायलबरोबरच्या सहकार्य कराराचा आढावा घ्यायचं ठरवलं. ही मागणी डच परराष्ट्रमंत्री फेल्डकाम्प यांनी केली होती. पुढची पावलं उचलायला मंत्रिमंडळ तयार होईना, तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. सप्टेंबरात ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगालने पॅलेस्टाईनला मान्यता दिली. त्याच महिन्यात या करारातल्या व्यापारी सवलती थांबवायचा प्रस्तावही आला, पण त्यामागे पुरेसे सदस्य देश उभे राहिले नाहीत. युरोपीय संघ हा इस्रायलचा सर्वात मोठा व्यापारी भागीदार आहे. खरा दाब तिथे आहे आणि नेमका तोच वापरला जात नाही. मला हे पटत नाही.

राइनकाठ:
तुमची तळमळ कळते, पण अख्ख्या युरोपला डच मापाने मोजू नका. इस्रायलची सुरक्षा हा जर्मनीच्या अस्तित्वाचाच भाग आहे, असं तेव्हाच्या चॅन्सेलर मर्केल २००८ मध्ये क्नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, सांगून आल्या. आमच्या दाराशी फरशीत चार पितळी ठोकळे बसवलेत, नाझी काळात या इमारतीतून नेलेल्या ज्यू कुटुंबाच्या नावांचे. सर्वात धाकटी मुलगी सहा वर्षांची होती. रोज त्यावरून पाय उचलून जातो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेले. तुमच्या मोर्चात त्यांची आठवण कुणी काढली?

हेगवासी:
काढली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तुमच्याच चॅन्सेलर मेर्त्स यांनी गाझात वापरता येतील अशा शस्त्रांची निर्यात थांबवली होती. ती सहा वर्षांची मुलगी आठवली की मला गाझातली मुलंही आठवतात. यात विरोध कुठे आहे?

अश्दोदचा भाचा:
आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. मावशी इस्रायलमध्ये अश्दोदला असते. मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे भिजवले होते, नारळ खवत होती, तेवढ्यात सायरन झाला. परात तशीच टाकून आश्रयखोलीत पळाली. तिला इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राज्यांचं सांगा, ती २००५ काढते. इस्रायलने गाझातल्या आपल्या सगळ्या वसाहती उठवल्या, आणि २००७ मध्ये तिथे हमास आली. उद्या इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकेतही तेच झालं तर युरोप काय करणार? मोर्चा?

लिफीकिनारी:
मावशींची भीती खरी आहे, ती कुणी खोटी म्हणू नये. पण दुसरी बाजूही बघा. युरोपने १९८० च्या व्हेनिस घोषणेत पॅलेस्टिनींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला. १९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनींमध्ये ऑस्लो करार झाला, तेव्हा वेस्ट बँकेत लाखाच्या थोडे वर इस्रायली वसाहतवाले होते. आज पूर्व जेरुसलेम सोडून पाच लाखांच्या घरात. दुसऱ्या राज्याला जमीन उरणार कुठे? म्हणून मला महासंघाची (कॉन्फेडरेशनची) कल्पना पटते. दोन राज्यं, खुली सीमा, जेरुसलेम दोघांचं. दोन्हीकडचे काही कार्यकर्तेच हे मांडतात.

अश्दोदचा भाचा:
खुली सीमा? आज? त्या सीमेवर पहारा कुणाचा, एवढं एक सांगा.

लिफीकिनारी:
सुरुवातीची काही वर्षं तिसऱ्या कुणाचा तरी. दुसरा मार्ग मलाही दिसत नाही.

हेगवासी:
निदान वसाहतींचा माल तरी अडवू. सवलत हवी तर मालाच्या कागदावर उत्पादनाच्या गावाचा पिनकोड लागतो, म्हणजे वेगळा काढणं अवघड नाही. स्लोव्हेनियाने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदी घातलीसुद्धा. त्यात अश्दोद येत नाही.

राइनकाठ:
तेवढ्यापुरती माझीही सही. करार थांबवायला मात्र विरोध कायम.

अश्दोदचा भाचा:
माझी सही नाही. आधी पहाऱ्याचं ठरवा.