३०८ बोअरसाठी हरणाची बुलेट घेताना बीसी किती बघायचा?

होटगीरोडकर
मंडळी जरा मदत पाहिजे. माझा चुलतभाऊ न्यूझीलंडला क्राइस्टचर्चला असतो. तिकडं हरीण मूळचं नाहीच, १८५१ साली बाहेरून आणून सोडलेलं, आता ते जंगल खाऊन टाकतंय म्हणून सरकारी जमिनीवर शिकारीचं परमिट फुकट मिळतं. भावानं लायसन काढलं, ३०८ बोअरची रायफल घेतली आणि आता बुलेटपाशी येऊन अडकलाय. दोन्ही पाकिटं १५० ग्रेनचीच (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), पण एकावर बीसी ०.३१ आणि दुसऱ्यावर ०.४१५. त्यात दुकानदार म्हणतोय ही रायफलच बदल, ६.५ क्रीडमूर बोअरची घे, त्यात हॉर्नाडी कंपनीची १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स गोळी टाक, तिचा बीसी ०.६२५ आहे. आता भाऊ मला विचारायलाय कारण मी नेमबाजी करतो, पण मी १० मीटर एअर रायफलवाला, बंद हॉलमध्ये वारा नाही काही नाही, पेलेटचा बीसी बघायची वेळच कधी आली नाही. तर हा आकडा नेमका काय करतो आणि त्याच्यासाठी पैसे घालावेत का, नीट सांगा की कुणीतरी.

आपल्याकडं शिकार बंदच आहे, १९७२ चा कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती सगळ्यांना माहितीय. मी नान्नजच्या माळावर काळवीट बघायला जातो, तेवढाच माझा हरणाशी संबंध. प्रश्न फक्त तिकडचा आहे.

फिजिक्सवाले_सर
बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशंट, गोळी हवेला किती दाद देत नाही त्याचं माप. हुरड्याच्या दिवसांत गोफण फिरवली असेल तर हे हाताला माहीत असतं, मूठभर ढेकूळ आणि तेवढाच दगड एकाच जोरात सोडला तर दगड लांब जातो कारण तेवढ्याच आकारात वजन जास्त, आणि दोन दगड सारख्या वजनाचे असले तरी चपट्या खापरीपेक्षा गुळगुळीत गोटा लांब जातो. बीसीमध्ये ह्याच दोन गोष्टी आहेत, वजन आणि आकार. पहिलीला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात, पौंडातल्या वजनाला इंचातल्या व्यासाच्या वर्गानं भागायचं. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणून १५० ग्रेन म्हणजे १५० भागिले ७०००, त्याला व्यासाच्या, म्हणजे ०.३०८ इंचाच्या वर्गानं भागलं की ०.२२६ येतात. तुमच्या दोन्ही पाकिटांचा हा आकडा एकच आहे, म्हणजे फरक सगळा आकाराचा, एक सपाट बुडाची आणि उघड्या शिशाच्या नाकाची असणार, दुसरी टोकदार प्लास्टिक टिपवाली आणि बूड निमुळतं.

आता व्यवहारात बघा. दोन्ही २८२० फूट प्रति सेकंदानं निघाल्या आणि २०० यार्डाला झिरो केल्या, म्हणजे तिथं नेम धरला तिथंच लागेल अशी दुर्बीण लावली, तर ३०० यार्डाला एकमेकींपेक्षा साधारण इंचभरच खालीवर लागतील. लोक ड्रॉपचंच, म्हणजे गोळी किती खाली पडते त्याचंच, घेऊन बसतात पण खरी गंमत वाऱ्यात आहे. ताशी १० मैलांचा आडवा वारा असला तर ३०० यार्डाला ०.४१५ वाली सुमारे ७ इंच सरकते आणि ०.३१ वाली १० इंच. ड्रॉप मोजून ठेवता येतो, अंतर कळलं की संपलं. वारा मात्र दरवेळी डोळ्यानं ओळखावा लागतो आणि तिथं चुकलं की छातीऐवजी पोटात लागते. जास्त बीसी म्हणजे त्या चुकीची शिक्षा कमी.

बार्शीचा_पण_साउथ_आयलंडवर
सरांनी बरोबर सांगितलं, पण मी इथं राहतो आणि दरवर्षी डोंगरात जातो म्हणून वेगळ्या बाजूनं बोलतो. मालक, भावाला आधी विचारा की तो मारणार कुठं. इथल्या दाट रानात हरीण शंभर यार्डाच्या आत दिसतं, बऱ्याचदा तीस-चाळीसवर, तिथं बीसी ०.३१ असो की ०.६, हरणाला फरक पडत नाही आणि तुम्हालाही. सदर्न आल्प्सच्या डोंगरांत ताहरच्या, म्हणजे रानबकरीसारख्या जनावराच्या, मागं गेला तर दरीपलीकडं २५०-३०० ची गोष्ट येते, तिथं उपयोग आहे.

पण त्याच्या आधी गोळी आत जाऊन काय करते ते बघायचं, आणि हे पाकिटावरच्या मोठ्या आकड्यात येत नाही. शिकारीची गोळी आत गेल्यावर फुलली, म्हणजे टोक पसरून रुंद झाली पाहिजे, नाहीतर सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर पळून कुठंतरी तडफडून मरतं. म्हणून तर अमेरिकेत बऱ्याच राज्यांत मोठ्या जनावराला फुल मेटल जॅकेट, म्हणजे पूर्ण धातूच्या आवरणाची न फुलणारी गोळी, चालतच नाही. फुलायला वेग लागतो, बऱ्याच गोळ्यांना साधारण १८०० फूट प्रति सेकंद तरी. आता सरांचंच उदाहरण घ्या, ४०० यार्डाला ०.४१५ वाली १९८० च्या आसपास असते आणि ०.३१ वाली १७७० ला उतरलेली. म्हणजे बीसीचा दुसरा फायदा हा, लांबवरही गोळीत फुलायचा जोर शिल्लक राहतो. उलटीकडून बघा, जास्त बीसीच्या पातळ जॅकेटवाल्या गोळ्या जवळून पूर्ण वेगात खांद्याच्या हाडावर बसल्या की फुटून चुरा होतो, खोल जात नाहीत आणि मांस नासतं ते वेगळंच. जॉन नोस्लरनं १९४८ मध्ये कंपनी काढली ती असल्याच कारणानं, कॅनडात मूसवर (तिकडचं भलंमोठं हरीण) त्याची गोळी वरच्यावर फुटून राहिली, मग त्यानं मधे भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली, पुढचा भाग फुलतो मागचा भाग घुसत जातो. तिचा बीसी काही फार मोठा नाही आणि आजही लोक डोळे झाकून घेतात.

रायफल बदलायची अजिबात गरज नाही. ३०८ घेतलीय ना, बास.

होटगीरोडकर
वा, मला वाटलं होतं नुसता आकडा जास्त तेवढं चांगलं. अजून एक, तो म्हणतोय तांब्याच्या पण गोळ्या मिळतात, शिसं नकोय त्याला कारण घरात लहान मुलं ते मांस खाणार. आणि एका पाकिटावर जी१ आणि जी७ असे दोन-दोन बीसी छापलेत, ते काय?

प्रोन_शूटर
मी ५० मीटरवाला. जी१ आणि जी७ ह्या तुलनेसाठी धरलेल्या दोन नमुना गोळ्या आहेत, जी१ जुनी सपाट बुडाची, जी७ लांब निमुळत्या बुडाची. तीच ०.६२५ वाली जी७ नं मोजली की ०.३१५ होते, गोळी तीच. म्हणून एका पाकिटाचा जी१ आणि दुसऱ्याचा जी७ शेजारी ठेवून बघू नका. शिवाय जी१ चा आकडा वेगाप्रमाणं हलतो, कंपनी बहुतेक चांगल्या वेगातला छापते.

वाऱ्याचं सर म्हणतात ते शंभर टक्के. आमच्या पॉइंट टू टू (०.२२ बोअर) रायफलची ४० ग्रेनची गोळी, बीसी जेमतेम ०.१२ ते ०.१५, दहाचं वर्तुळ १०.४ मिलीमीटर, थोडा वारा फिरला की दहाचे नऊ. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ह्याच ५० मीटरमध्ये ब्राँझ घेतलं. भावाला सांगा रेंजवर जाऊन वाऱ्यात मारून बघ, गवत किती हललं की गोळी किती सरकते हे स्वतःच्या वहीत लिही.

आणि डोंगरावर हवा विरळ, दीड-दोन हजार मीटरवर तीच गोळी कमी पडते आणि कमी सरकते, म्हणून खाली समुद्रकाठी काढलेला तक्ता वर जशास तसा वापरायचा नाही.

बार्शीचा_पण_साउथ_आयलंडवर
तांबं चांगलं आहे, लहान मुलं खाणार असतील तर मी तेच घेईन. शिसं फुटून त्याचे बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात जातात, डोळ्याला दिसतही नाहीत. कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं असलं शिसं खाऊन मरायची, तिथं जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिशाची गोळी बंद केली. फक्त तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळं तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि ती स्थिर फिरायला बॅरलचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, जास्त लागतो. ३०८ मध्ये १३०-१५० ग्रेन घेतली तर अडचण येत नाही, तांबं तुटत नाही म्हणून हलकी असली तरी खोल जाते. पण ह्या गोळ्यांना फुलायला वेग जरा जास्त लागतो, त्यामुळं फार लांबवर मारू नको म्हणावं.

दोन-तीन प्रकारची एकेक पाकिटं घ्यायला लावा, त्याच्याच बॅरलमधून कुठली बारीक ग्रुप देते, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात, ती ठेवायची. पहिला सीझन दोनशे यार्डाच्या आत. आणि गोळी सुटल्यावर लगेच पळत जायचं नाही, हरीण जिथं उभं होतं ती खूण नजरेत धरायची, अर्धा तास थांबायचं, मग त्या जागेपासून रक्त बघत जायचं, अंधार पडला तर दुसऱ्या दिवशी उजाडताच परत जायचं.