वॉशिंग मशीन कधी पाणी घेत नाही, कधी पाणी काढून स्पिन करत नाही. दोन्हीचं मूळ एकच असेल का?

नमस्कार. आठ वर्षं जुनं फ्रंट लोड मशीन आहे. पंधरा दिवस झाले, काही केल्या दुखणं सापडत नाहीये. सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, रोज चादरी निघतात, त्यामुळे मशीन बंद ठेवून भागत नाही.

सुरू केलं की दार लॉक होतं, पण पाणी येतच नाही. पावडरचा कप्पा कोरडा ठणठणीत. थोड्या वेळाने एरर. बंद करून दोन-तीन तासांनी लावलं तर कधीकधी नीट पाणी घेतं, कपडे धुतंही. मग शेवटी पंप सुरू होतो तो थांबत नाही. आधी पाणी पडतानाचा भरीव आवाज, नंतर नुसती घरघर. स्पिन होतच नाही, कपडे निथळत बाहेर काढावे लागतात.

इनलेट पाईप काढून बादलीत धरून पाहिला, पाण्याला जोर चांगला आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली छोटी जाळी पकडीने ओढून काढली, बारीक वाळू होती, धुऊन परत बसवली. खालचा पंपाचा फिल्टर उघडला तर एक केसांची पिन आणि एक बटण निघालं. आतला पंखा बोटाने फिरतो. ड्रेन पाईप कुठे दुमडलेला नाही. घरी आलेले मेकॅनिक पाच मिनिटांत बोर्ड (मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला म्हणून गेले. बोर्डाचा खर्च करण्याआधी आणखी काही तपासता येईल का?

प्रतिसाद:
ताई, एकच सांगा. स्पिन न होता थांबलं की लगेच फिल्टर उघडून बघा. किती पाणी येतं?

आत्ताच पाहिलं. जेमतेम वाटीभर. ड्रममध्ये तर काहीच नाही.

प्रतिसाद:
म्हणजे पाणी निघून जातंय, पण मशीनला ते कळत नाहीये. टबच्या तळापासून वर प्रेशर स्विचपर्यंत एक बारीक रबरी नळी जाते. टबमध्ये पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीन पाण्याची पातळी ओळखतं. नळीचं खालचं तोंड साबणाच्या साक्याने बुजलं की पाणी गेल्यावरही हवा आतच कोंडून राहते. मग मशीनला पाणी अजून आहे असंच वाटतं, म्हणून स्पिन नाही. पुढच्या वेळीही तोच समज, म्हणून व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन-तीन तासांत ती हवा हळूहळू सुटते, म्हणून तुमचं मशीन थांबून लावलं की चालतं.

प्लग काढा, मागचे स्क्रू काढून वरचं झाकण सरकवा. स्विचपासून नळी सोडवा आणि नळीत खालच्या दिशेने फुंका. स्विचमध्ये जोरात फुंकू नका, आतला पडदा फाटतो.

काल रात्री उघडलं. नळीत फुंकलं तर गाल फुगले, हवा पुढे जाईना. खालचं टोक सोडवलं तेव्हा तोंडाशी करड्या रंगाचा चिकट बोळा अडकलेला दिसला, ओल्या साबणासारखा. टूथब्रश आणि कोमट पाण्याने ते तोंड आणि ते जिला जोडलेलं असतं ती खालची हवेची डबी, दोन्ही साफ केली, नळी वाळवून बसवली. सकाळपासून दोन वेळा मशीन लावलं. दोन्ही वेळा लगेच पाणी घेतलं आणि पूर्ण स्पिनसुद्धा झालं! चादरी हाताला जेमतेम दमट लागल्या. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

एक शंका आहे. नळीचं वरचं टोक कडक झालंय, बसवताना सैल वाटलं. चालेल का?

प्रतिसाद:
तेवढं टोक अर्धा इंच कापा आणि पुढचा मऊ भाग स्विचवर बसवा. लांबी पुरत नसेल तर नळीच बदला. तिथून हवा गळली तर उलटा त्रास होईल. मशीनला पाणी कमी वाटेल आणि ते भरतच राहील.