करमणूक झाली, पण मन भरले का? : आपापले अनुभव लिहावेत

गेल्या दिवाळीत आमच्या घरी चौदा माणसे जमली होती, आणि तरीही रात्री नऊच्या सुमारास बैठकीत दवाखान्यात नंबराची वाट पाहत बसल्यासारखी शांतता होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता आणि कुणीही दुःखी नव्हते, हेच मला जास्त खुपले. मन सतत रमवून ठेवणारी साधने हाताशी असली, म्हणजे माणूस सुखी झाला का? हवा तो सुखद अनुभव देणारे यंत्र मिळाले तर आयुष्यभर त्याला जोडून घ्याल का, असा प्रश्न अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिक यांनी १९७४ मध्ये विचारला होता. माणसाला नुसता अनुभव पुरत नाही, ती गोष्ट प्रत्यक्ष करायची असते, म्हणून आपण नकार देऊ, असे त्यांचे म्हणणे होते. मराठवाड्यातल्या वाचकांनी या प्रश्नावर मत नव्हे, घडलेले लिहावे, ही विनंती.

विद्यार्थी, लातूर

शिकवणीसाठी मी दोन वर्षे इथे खोली करून राहिलो. रात्री साडेदहाला वह्या मिटल्यावर पाच मिनिटांसाठी रील्स उघडायचो आणि घड्याळाकडे लक्ष जाईपर्यंत दीड वाजलेला असायचा. एकदा सकाळी उठल्याबरोबर, आदल्या रात्री काय काय पाहिले ते वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसलो. तीन तासांतल्या जेमतेम चार गोष्टी आठवल्या. त्यांतल्या दोन जाहिराती होत्या. याउलट भौतिकशास्त्राचे एक गणित चाळीस मिनिटे झुंजून सुटले, त्या दिवशी मेसमधले पोहे गार झाले होते, हेसुद्धा माझ्या अजून ध्यानात आहे. पूर्वी पान संपले की हात आपोआप थांबायचा. एझा रास्किन या अभियंत्याने २००६ मध्ये न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि पुढे तिच्याबद्दल स्वतःच खंत व्यक्त केली, हे वाचल्यावर आपली थांबण्याची जागाच कुणीतरी काढून घेतली आहे, हे मला उमगले.

गृहिणी, बीड

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. माझ्या सासूबाई सहा वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. दुपारची मालिका आणि संध्याकाळचे कीर्तन त्यांच्या खोलीत लागले नसते, तर त्यांचे आणि माझेही दिवस सरले नसते, त्यामुळे करमणुकीला तुच्छ लेखणे मला जमणार नाही. दुखणे विसरायला लावणारी वस्तू ही लहान गोष्ट नव्हे. पण मे महिन्यात एकदा दिवसभर लाइट नव्हती. काही सुचेना म्हणून मी त्यांच्या केसांना तेल लावायला बसले, आणि त्या आपणहून १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलू लागल्या. खडी फोडायला जाताना लेकराला झाडाखाली कसे निजवायच्या, कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून घरी कशी आणायच्या, हे सांगताना त्यांचा उजवा हात हातोडी धरल्यासारखा हलत होता. लग्नाला एकवीस वर्षे झाली, तरी यातले एक अक्षरही मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. लाइट आली तेव्हा त्यांनीच मला टीव्ही लावू नकोस म्हणून खूण केली.

निवृत्त शिक्षिका, परभणी

आमच्या लहानपणी आकाशवाणी होतीच, पण ती ऐकताना हात तूर निवडत असायचे आणि शेजारच्या काकू येऊन टेकायच्या. आजच्या साधनाला माणसाचे हात, डोळे आणि शेजार असे सगळेच हवे असते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

दुकानदार, नांदेड

मी मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत होतो आणि दीड वर्षात तीन लाख चाळीस हजार रुपये घालवले. लोकांना वाटते की जिंकण्याच्या आनंदासाठी माणूस खेळतो. शेवटच्या सहा महिन्यांत जिंकल्यावर मला काहीही वाटत नव्हते. पैसे जमा झाल्याचा संदेश वाचायच्या आत बोट पुढच्या डावावर गेलेले असायचे. समुपदेशकांनी मला सांगितले की केंट बेरिज या संशोधकाच्या कामातून मेंदूतली ओढ आणि गोडी या दोन निराळ्या गोष्टी असल्याचे दिसून आले आहे, आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः ओढीशी आहे. म्हणजे गोडी पार आटली तरी ओढ वाढत राहू शकते. माझे नेमके तेच झाले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला आणि ॲप बंद पडले, तरी कितीतरी दिवस गिऱ्हाईक समोर उभे असतानाही हात खिशाकडे जात होता. आता संध्याकाळी मुलीला सायकल शिकवतो. पहिले काही दिवस तिथेही जीव रमत नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.

शेतकरी, औसा तालुका

आमच्याकडे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या म्हणजे वर्षाचा मोठा सण. रानात कडब्याची कोप उभारायची, आत पांडवांची पूजा मांडायची आणि गाव ओस पाडून सगळ्यांनी शेतात अंबिल, भज्जी, उंडे जेवायचे. यंदा पुण्याहून आलेल्या पुतण्यांनी पूजेचे चित्रण केले. रानात अंबिल शिंपडताना ऊन पाठीमागे आले म्हणून त्यांनी मला तीन वेळा त्याच वाटेने चालायला लावले. पोरांचा हेतू वाईट नव्हता आणि पुष्कळांनी तो व्हिडिओ पाहिला, पण तिसऱ्या खेपेला मी देवासाठी चालत नव्हतो, हे माझे मला कळत होते, आणि ते अजून टोचते.

दिवस मावळल्यावर ऐंशीला टेकलेल्या माझ्या वडिलांनी कडब्याची पेंढी पेटवली आणि दरवर्षीप्रमाणे ज्वारीच्या कडेने चालू लागले. अंधारात चित्रण नीट येईना, म्हणून थोरल्या पुतण्याने मोबाइल खिशात घातला आणि बांधावर आजोबांचा तोल जाईल म्हणून धावत जाऊन त्यांचा दंड धरला. विहिरीपर्यंत दोघे तसेच गेले. पेंढी विझली तरी बराच वेळ त्यांच्या बोलण्याचा आवाज येत होता.