बुद्ध सर्किट प्रेक्षकांमुळे नाही बुडालं! (बिडकीनच्या ट्रॅकवाल्या पोस्टला उत्तर)

वाळूजकर

काल इथं ‘सुसाट’ यांनी लिहिलं की ग्रेटर नोएडाचं मोटार शर्यतीचं बुद्ध सर्किट बंद पडलं, कारण आपल्या लोकांना क्रिकेटपलीकडं काही कळत नाही. आणि लगेच पुढं, संभाजीनगरजवळच्या बिडकीनला टोयोटा येतेय तर तिथंच फॉर्म्युला वनच्या तोडीचं सर्किट बांधा, मराठवाडा जगाच्या नकाशावर येईल. ही दोन्ही वाक्यं रात्रभर डोक्यात राहिली, म्हणून सविस्तर लिहितो.

30 ऑक्टोबर 2011 ला तिथल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीला मी होतो. सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली गाठली, सगळ्यांत स्वस्त अडीच हजारांचं तिकीट काढलं. वाळूजच्या कंपनीत तेव्हा माझा पगार किती होता ते सांगत नाही, पण घरी आठवडाभर कुणी बोललं नव्हतं. शर्यतीआधी व्हेल्डन आणि सिमोन्चेली या दोघा रेसर्ससाठी सगळं स्टेडियम उभं राहून गप्प झालं. त्याच महिन्यात आठवड्याच्या अंतरानं दोघंही ट्रॅकवर अपघातात दगावले होते. मग साठ लॅप. जर्मनीच्या वेटेलनं पहिल्या लॅपपासून आघाडी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्या दिवशी 95 हजार लोक असल्याचं छापून आलं. कुणी सांगावं मला, कोणत्या खेळाला पहिल्याच वर्षी एवढी माणसं येतात?

मग बुडालं कशानं? उत्तर प्रदेश सरकारशी करमणूक कराचा वाद झाला. केंद्राच्या क्रीडा खात्यानं हा खेळ नसून करमणूक आहे असं सांगून सवलती नाकारल्या. 2013 मध्ये वेटेलनं तिथंच सलग चौथं जागतिक विजेतेपद पक्कं केलं, सरळ पट्ट्यावर गाडी गरगर फिरवली, आणि ती शेवटची भारतीय ग्रांप्री ठरली. 2014 ला आधी ‘एक वर्ष सुट्टी’ म्हणाले. ती सुट्टी अजून संपलेली नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर सांगितलं की ते सर्किट म्हणजे फॉर्म्युला वनवाल्यांचं भारतातलं कायम ठिकाण, कर भरावाच लागेल. बांधणारी कंपनी कर्जात बुडाली, आणि थकबाकीपायी 2020 मध्ये यमुना प्राधिकरणानं जमिनीचं वाटपच रद्द केलं. यात प्रेक्षकांनी काय पाप केलं?

आता दुसरी बाजू बघा. मद्रासजवळचं शोलावरम ही दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी. 1953 साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं तिथं ड्रम आणि गवताच्या पेंढ्या लावून वर्षानुवर्षं शर्यती घेतल्या. मग क्लबनंच जमीन घेऊन इरुंगट्टुकोट्टईला 3.7 किलोमीटरचा ट्रॅक केला, आणि तो तीस वर्षांहून जास्त चालतोय. कोइम्बतूरच्या करीवर्धननं मारुती 800 चं इंजिन टाकून एकाच सीटच्या रेसिंग गाड्या बनवल्या. त्याच गावचा नारायण कार्तिकेयन 2005 ला फॉर्म्युला वनमध्ये पोचला. इंग्लंडचं सिल्व्हरस्टोनसुद्धा मुळात विमानतळच, आणि आज ते रेसर्सच्याच क्लबच्या मालकीचं आहे. जो ट्रॅक चालवणाऱ्यांनी बांधला तो टिकला. जो वर्षातल्या तीन दिवसांच्या पाहुण्यासाठी बांधला तो बुडाला. बिडकीनला पाहुण्यासाठी वाडा बांधू नका.

सुसाट

मूळ पोस्ट माझी, म्हणून उत्तरही मीच देतो. दादा, 95 हजारांचा आकडा दिलात, पुढचे आकडे का गाळले? तिसऱ्या वर्षी साठ हजारांच्या आसपास उतरले. पहिल्या वर्षी नवलाईनं गेले, मग गेले नाहीत, हे तुमच्याच आकड्यांतून दिसतंय. कराचा वाद तर पहिल्या वर्षीपण होताच की.

आणि ‘बंद पडलं’ हा शब्द चुकला, एवढं मान्य. सप्टेंबर 2023 ला तिथं मोटारसायकलींची मोटोजीपी झाली, बेझेकी जिंकला. ट्रॅक उभा आहे म्हणूनच झाली ना? 5.125 किलोमीटर, सोळा वळणं, एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. असलं काही नसतं तर मोटोजीपी भारतात आलीच नसती.

खरी गोष्ट सांगतो, मला राग कशाचा येतो. आपल्याकडं काही मोठं म्हणलं की पहिला आवाज आपल्याच माणसाचा: छोटं करा, आधी रस्ते करा, आधी पाणी आणा. पंचाहत्तर वर्षं अनुशेषच मोजत बसलो. पुण्याला कुणी म्हणत नाही की आधी छोटं करा. मोठ्या गोष्टीचं स्वप्न आम्ही कधी बघायचं?

नांदेडहून

नोएडा लांब राहिलं, आमच्याजवळचं हैदराबाद बघा की. 11 फेब्रुवारी 2023, हुसेनसागरच्या काठानं फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत. माझी मावशी खैरताबादला राहते, तिच्या गच्चीवर झोपलो आणि सकाळी पायी गेलो. 2.8 किलोमीटरचा रस्ता, जिथून रोज रिक्षा जातात. आदल्या दिवशी गावातल्या गाड्याच ट्रॅकवर घुसल्या म्हणून सराव उशिरा सुरू झाला. शर्यतीत जग्वारच्या सॅम बर्डनं आपल्याच टीमच्या मिच इव्हान्सला ठोकलं, दोघंही शर्यतीबाहेर गेले. व्हर्न जिंकला. आवाज नाही, धूर नाही, नुसती शिट्टी वाजल्यासारखी गाडी जाते. माझ्या पोरानं त्या दिवसापासून वहीत दुसरं काही काढलेलं नाही.

2024 च्या फेब्रुवारीत परत होणार होती. डिसेंबरात सरकार बदललं, जानेवारीत शर्यत रद्द. मी पोराला काय सांगायचं? वाळूजकर, तिथं ना जमीन घेतली होती, ना कंपनी कर्जात होती. रस्ताच होता. तरी एका सहीनं गेलं. म्हणजे तुमचा ‘मालक कोण’ हा हिशेब पुरा नाही. मंत्रालयात कोण बसलंय हाच हिशेब.

पैठणरोड

सगळे शिकलेले लोक बोलायलात, पण एकानंबी विचारलं नाही की जमीन कुणाची. त्या बुद्ध सर्किटला 874 एकर लागली, मी वाचलंय. 874 एकर म्हणजे आमच्यासारखी तीन खेडी. माझी साडेचार एकर एका प्रकल्पात गेली, नाव घेत नाही. पैसे आले, भावकीत वाटले, दोन वर्षांत संपले. आता मी त्याच जमिनीवरच्या गेटवर बाराबारा तास वॉचमन आहे. नकाशावर येऊन मला काय करायचंय? मी सातबाऱ्यावर होतो तेच बरं होतं.

आणि 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते विसरलात का एवढ्यात?

शर्यतच बघायची तर बैलजोड्यांचा शंकरपट काय वाईट? हरभरा निघालेलं वावर, दोन दिवसांची तयारी, लाकडी छकडा, जोडी. माणसं टेम्पो भरभरून येतात. ना डांबर, ना कर्ज. 7 मे 2014 ला कोर्टानं बंद केला तो 16 डिसेंबर 2021 ला उघडला. साडेसात वर्षं आमचा खेळ बंद होता, त्याबद्दल कुणी एवढं लांबलचक लिहिलं नाही.

गोठाडॉक्टर

पैठणरोड, जमिनीबद्दल तुमचं खरं आहे, पण पटाचं असं गोड चित्र काढू नका. मी पशुवैद्यक आहे, बीड आणि जालना जिल्ह्यांत चौदा वर्षं काढलीत. शेपटी चावलेले, पराणीनं भोसकलेले, बॅटरीचा शॉक दिलेले बैल मी स्वतः शिवलेत. एका बैलाचा पुढचा पाय खांद्यातून गेला होता आणि मालक विचारत होता, ‘ताई, रविवारपर्यंत होईल का?’ बंदी उगाच आली नव्हती. गाडी ठोकली तर पत्रा वाकतो. आणि गाडीत बसणारा स्वतःच्या मर्जीनं बसतो, बैलाला कोण विचारतं?

पैठणरोड

डॉक्टर ताई, तुम्ही वाईट मालक बघितले, कारण चांगला मालक तुमच्याकडं येतच नाही! माझ्या बापानं पटाच्या जोडीला पोरांच्या आधी दूध पाजलं. आम्ही ताक प्यायलो. बंदी आली, त्यावर 2015 चा बैल कापायला बंदी घालणारा कायदा आला. पटाला नाही, बाजाराला नाही, मग बैल ठेवायचा कशासाठी? लाखाची जोडी आम्ही पस्तीस हजाराला दिली. बाप तीन दिवस गोठ्यात जाऊन बसायचा, रिकाम्या. तुमच्या दयेनं बैल वाचला का दावणीतून गेला? सांगा.

देवणीचा

यात बोलतो, कारण हे माझ्या घरचं आहे. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या मराठवाड्याच्या जाती. एक लातूरची, एक नांदेडची. ट्रॅक्टर आल्यावर बैल ठेवायला दोनच कारणं उरली, पोळा आणि पट. पोळा एक दिवसाचा. पट बंद झाला तेव्हा आमच्या गावात देवणीचे सहा वळू होते, उघडला तेव्हा एक. त्या एकाची बाकी पाच गावं वाट बघतात. ताईंनी पाहिलेल्या जखमा खोट्या नाहीत, मीपण पाहिल्यात, आमच्याच गावात पाहिल्यात. पण जात संपली तर जखम शिवायला तरी काय उरेल?

गोठाडॉक्टर

वळूचा मुद्दा मान्य करते. नाइलाजानं करते, कारण कृत्रिम रेतनाच्या यादीत संकरित आणि जर्सीच्या वीर्याच्या कांड्या आधी संपतात आणि देवणीची मागावी लागते, हे मी रोज बघते. पण मग नियम पाळा. राज्याच्या कायद्यात छळाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड लिहिलाय. डॉक्टरची तपासणी पटाआधी हवी, आणि त्या तपासणीत बैल नापास केला म्हणून मला गावाबाहेर गाठून शिव्या देऊ नका. मागच्या हिवाळ्यात हे झालंय माझ्याबरोबर.

सुसाट

धागा मोटार सर्किटचा होता. साठ टक्के उत्तरं बैलांवर. म्हणूनच म्हणतो, आपल्याकडं काही होत नाही.

पैठणरोड

बैलावर बोलणं म्हणजे मागास का हो? तुमच्या त्या वेटेलची वेळ मोजतात तशीच आमच्या पटात सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. जोडी एकटी धावते, घड्याळाशी. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं काळीज बघा एकदा आणि मग बोला.

बीडबायपास

मी दोन दिवस नुसतं वाचत होते. आता लिहिते.

माझा भाचा एकोणीस वर्षांचा होता. रात्री साडेबाराला बायपासवर पाच जण रेस लावायचे. दोनशे सीसीची गाडी, सायलेन्सर काढलेलं. आम्हाला माहीत नव्हतं. तो ज्या डंपरखाली गेला त्याला मागचा दिवा नव्हता. हे सगळं दोन मिनिटांत बोलून संपतं, पण माझ्या बहिणीनं अजून ती खोली झाडलेली नाही.

मला फॉर्म्युला वन नको, पट नको. रविवारी सकाळी जिथं पोरं हेल्मेट घालून, समोरून डंपर येणार नाही अशा जागी गाडी पळवतील अशी एक जागा पाहिजे. बिडकीन, शेंद्रा, कुठंही. वाळूजकर, तुम्ही म्हणता तो छोटा ट्रॅक किती दिवसांत होतो? आणि तिथं जायला पोराच्या खिशात किती लागतात? कारण माझ्या भाच्याकडं पेट्रोललाच पैसे नसायचे.

वाळूजकर

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही, आणि तेच मला सलतंय. तयार ट्रॅकवर एका दिवसाला काही हजार लागतात, वर टायर, लेदरचा सूट, हेल्मेट. बायपास फुकट असतो. ‘चालवणाऱ्यांनी बांधला तो टिकला’ असं मी मोठ्या तोंडानं लिहिलं, पण शोलावरमला चालवणारे कोण होते? गोंडलचे महाराज, गिरण्यांचे मालक. तुमच्या भाच्यासारखं पोर तिथं कुंपणाबाहेरून बघत होतं. हे मी लिहिताना गाळलं होतं, आता भरतो.

नांदेडहून, तुमचंही बरोबर आहे, सहीपुढं रस्तापण टिकत नाही. पैठणरोड, पाण्याचं मात्र मान्य नाही. डांबराला पाणी लागत नाही, क्रिकेटच्या मैदानाला लागतं, आणि ती आपण गावोगाव करतोय.

नांदेडहून

मग धावपट्टीच का नको? शोलावरम तसंच झालं ना. लातूरला आहे, धाराशिवला आहे. महिन्यातून दोन रविवार मागायचे. जमीन कुणाची जात नाही.

सुसाट

विमानतळाची परवानगी मिळवता मिळवता तुमचा पोरगा गाडी चालवायच्या वयाचा होईल. तरीपण प्रयत्न करा, मी अर्ज लिहून देतो. माझी पोस्ट चुकली असं म्हणणार नाही, मोठं सर्किट व्हायलाच पाहिजे. पण ताईंनी लिहिलं ते आधी व्हावं, एवढं मानतो.

वाळूजकर

डांबर नसलं तरी चालतं. मातीवर मोटोक्रॉस होतं. चार-पाच एकर वावर, मातीचे उंचवटे, कडेला जुने टायर, अँब्युलन्स आणि एक डॉक्टर उभा. मोटर स्पोर्ट्स फेडरेशनची आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. नाशिककडं रॅली वर्षानुवर्षं झाल्या, तिथल्या ओळखीच्या पोरांना विचारतो. प्रश्न वावराचाच राहतो.

पैठणरोड

मेव्हण्याचं वावर आहे, कोरडवाहू, सहा एकर. मागच्या वर्षी पट तिथंच झाला. हरभरा निघाला की पाडव्यापर्यंत मोकळं असतं. ताईंच्या भाच्याचं वाचलं म्हणून सांगतो, नाहीतर बोललो नसतो. गाड्या आणा, माती उकरली तर परत सारखी करून द्या, पोरांकडून पैसे घेऊ नका. पण कागद कुठलाच करायचा नाही. मी एकदा कागदावर सही केलेली आहे.