.३२ पिस्तूल रोज कंबरेला: कोणतं घ्यावं, त्यात काय बदलावं?

काळी माती (लातूर):
राम राम मंडळी. .३२ पिस्तुलाचा परवाना हातात आलाय. रोजचं जाणं-येणं मोटारसायकलवर, गाव ते मोंढा. अंगात कधी पँट-शर्ट, कधी नेहरू शर्ट-पायजमा. समोर दोन पर्याय आहेत: नवी अशनी (आपल्या सरकारी आयुध कारखान्याचं पिस्तूल), नाहीतर एका परवानाधारकाकडची जुनी वॉल्थर पीपीके (जर्मन बनावटीचं). चाप (ट्रिगर) हलका करून घ्या, मूठ बदला असंही लोक सुचवतात. जाणकारांनी सांगावं.

मांजराकाठ:
आधी कागद. परवानाधारकाकडून घेणार असाल तर विकणाऱ्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावं लागतं. त्याआधी हत्यार हातात घेऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेही मोजून घ्या.

आणि काडतूस घेताना नुसतं ".३२ द्या" म्हणू नका. रिव्हॉल्वरच्या .३२ ची केस (पितळी कवच) २३ मिमी, पिस्तुलाची १७ मिमी. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

बालाघाट:
जुनी पीपीके घेण्याआधी एक तपासणी कराच. मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून चाचपा. मग घोडा (मागची हातोडी) चढवा, नळी वर धरा, आत एक बारीक पेन्सिल सोडा आणि सेफ्टी खाली ओढा. पीपीकेत सेफ्टी ओढली की घोडा आपोआप पडतो, पण फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर टोचणारी सुई) अडलेली असते. पेन्सिल जागची हलली नाही तर ठीक. उडाली तर सेफ्टीचा ड्रम (आतला फिरता गोल भाग) झिजलाय, म्हणजे भरलेलं पिस्तूल सेफ्टीवर टाकतानाच गोळी सुटेल. किंमत कितीही पाडून दिली तरी असं घेऊ नये.

बाकी नळीत उजेड टाकून बघा. आत काळी गोल कडी दिसली तर नळी फुगलेली आहे. मॅगझीनचे ओठ (वर काडतूस धरणाऱ्या कडा) दोन्ही बाजूंनी सारखे हवेत. एक वाकलेला असला की काडतूस तिरकं वर येतं.

पूर्णाकाठ:
मी नवी अशनी घ्या म्हणेन. परदेशी पिस्तूल नावाला भारी, पण स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस बाहेर ओढणारी आकडी), दुसरं मॅगझीन यांसाठी वर्षानुवर्षं शोध चालू राहतो. रोज वापरायच्या वस्तूचा सुटा भाग मिळाला पाहिजे. एकाच मॅगझीनवर तर राहूच नका. पिस्तूल अडतं तेव्हा बऱ्याचदा दोष मॅगझीनचाच निघतो.

काळी माती:
आणि चाप?

बालाघाट:
हात लावू नका. चाप हलका करायचा म्हणजे घोडा आणि सिअर (चढलेला घोडा अडवून धरणारा तुकडा) जिथे एकमेकांना धरतात ती धार घासायची. तिथला कडकपणा वरच्या पातळ थरात असतो. तो गेला की खालचं मऊ पोलाद महिन्या-दोन महिन्यांत गोल होतं आणि स्लाइड आपटल्यावर घोडा चढलेला राहत नाही, कधी एका दाबात दोन गोळ्या जातात. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) कापून "मऊ" करतात, तेही नको. स्लाइड फ्रेमवर आदळून चीर पडते. नळी आखूड करणं तर शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हाच. करायचं तर स्प्रिंग त्याच मापाची नवी, परवाना असलेल्या दुरुस्तीवाल्याकडून आणि पावती घेऊन.

मूठ मात्र जरूर बदला. आपल्याकडे मे महिन्यात तळहात ओला असतो, गुळगुळीत प्लास्टिक फिरतं. खरखरीत लाकडी पट्ट्या बसवा. स्क्रू आवळताना पट्टी मॅगझीनला दाबत नाही ना ते बघा: मॅगझीन न अडखळता बाहेर आलं पाहिजे.

मांजराकाठ:
खरा खर्च होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) आणि कंबरपट्ट्यावर करा. नाडीच्या पायजम्यावर होल्स्टर टिकत नाही, वजनाने एका बाजूला लोंबतं. ज्या दिवशी पायजमा, त्या दिवशी आतून ३८-४० मिमी रुंदीचा जाड पट्टा वेगळा बांधा. होल्स्टरने चापाचा पूर्ण गार्ड झाकला पाहिजे आणि पिस्तूल आत घालताना होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ चामडं आत दुमडून चापात शिरतं. मोटारसायकलवर उजव्या कंबरेच्या जरा मागे बरं, पोटाशी ठेवलं तर वाकल्यावर टोचतं आणि लोक सारखं हात लावत राहतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं.

मोटारसायकल आहे, रस्ते आपल्याला माहीत आहेत. चेंबर मोकळंच ठेवा.

पूर्णाकाठ:
एक गोष्ट राहिली, .३२ ची खास. या काडतुसाच्या बुडाला बारीक कड असते. वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात, स्लाइड कितीही ओढा, वर येत नाही. भरताना प्रत्येक काडतूस पुढून मागे पूर्ण सरकवा, वरच्याची कड खालच्याच्या पुढेच बसली पाहिजे. शेवटी मॅगझीनची पाठ तळहातावर दोनदा आपटा. पोकळ टोकाची गोळी आखूड असते, मॅगझीनमध्ये मागेपुढे हलते, त्यात हा त्रास जास्त. म्हणून गोल टोकाचीच वापरा.

काळी माती:
तेल किती? इथली धूळ तर तुम्हाला माहीत आहे.

बालाघाट:
स्लाइडच्या दोन्ही खाचांत एकेक थेंब, नळीच्या बाहेरून बोटाचा नुसता ओलावा. जास्त झालं की काळ्या मातीची धूळ आणि तेल मिळून चिखल होतो. चेंबर आणि मॅगझीन कोरडं पुसा, तेल काडतुसाच्या टोपीत (बुडातला पेट घेणारा भाग) झिरपलं की ती फुटत नाही. नाहीच फुटली तर ३० सेकंद नळी सुरक्षित दिशेला धरून ठेवा, मग काढा. आवाज फुसका आला तर दुसरी गोळी अजिबात नको, आधी पिस्तूल मोकळं करून नळीत गोळी अडकलीय का ते बघा.

रात्री चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. घामाने पोलाद गंजतं, पितळेवर हिरवा थर चढतो. कापडाने पुसून कुलपात, काडतुसं वेगळ्या कप्प्यात.