काउंटरवर श्वास पाहायचा की गोळी?

काउंटरमागचा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायला आजच बसलोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सिन्नर तालुक्यातल्या एका गावात माझं मेडिकल आहे. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेनऊ, मधे तासभर जेवायला घरी. वीस वर्षं झाली. हाताखाली एक मुलगा आहे. बिल तो मारतो, औषध मी काढतो.

गेल्या दिवाळीनंतर इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना ध्यानाचं शिबिर करून आलो. तिथलं वेळापत्रक इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. पहाटे 4 ला घंटा, साडेचारला बैठक. पहिले तीन दिवस नाकपुड्यांपाशी श्वास पाहायचा, दुसरं काही नाही. एका वेळी चार गिऱ्हाइकं सांभाळणाऱ्या माणसाला यात काय अवघड, असं वाटलं होतं. पहिल्या दिवशी सलग पाच श्वास पाहता आले नाहीत. तिसऱ्या दिवशी वरच्या ओठावर मुंगी चालल्यासारखं काहीतरी कळायला लागलं. पहाटे घाटातल्या गाडीची शिट्टी यायची, ती ऐकू यायची, पण मन तिच्यामागे धावायचं नाही. दहाव्या दिवशी मौन सुटलं तरी बोलावंसं वाटेना.

परत आल्यावर ठरवलं, हे दुकानातही सोडायचं नाही. रॅककडे वळताना श्वास, पिशवी भरताना श्वास, सुटे मोजताना श्वास. महिनाभर झकास चाललं. कुणी तावातावाने बोललं तरी मी थंड. बायको म्हणाली, "हल्ली दुकानात असून नसल्यासारखे दिसता." मला ती शाबासकी वाटली.

मग ती संध्याकाळ. बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी. एक आजोबा आले, चौऱ्याहत्तरचे असतील. त्यांची मेटोप्रोलॉल 25 मिलिग्रॅमची गोळी, रोज सकाळी एक. महिन्याचं एकदम घेत नाहीत, दर दहा दिवसांनी एक पाकीट. तीन वर्षं माझ्याकडूनच नेतात. मी रॅककडे वळलो, श्वास आत येताना स्वच्छ कळला, हात वर गेला, पाकीट काढलं, पिशवीत टाकलं. तो श्वास अजून आठवतो. लांब होता, गार होता. पाकीट 50 चं होतं.

रात्री शॉर्टेजची, म्हणजे कमी पडलेल्या मालाची वही लिहिताना सापडलं. बिल 25 चं, पण 25 चं खोकं भरलेलं आणि 50 च्या खोक्यात एक पाकीट कमी. ही गोळी हृदयाचे ठोके संथ करते, बीपी उतरवते. त्या वयात दुप्पट पोटात गेली तर माणूस सकाळी न्हाणीत चक्कर येऊन पडायचा. शटर अर्धं ओढलं, पोराला बसवलं आणि स्कूटर काढली. त्यांचं दार येईपर्यंत एकही श्वास पाहिला नाही, हे कबूल करतो. नशीब, जुन्या पाकिटात दोन गोळ्या उरल्या होत्या, म्हणून नवं उघडलं नव्हतं. पाकीट बदललं, चूक काय झाली ते सांगितलं. आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "चहा टाकायला सांगू का?" त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता मुद्दा. शिबिराच्या आधी वीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झालेली मला तरी माहीत नाही. तेव्हा डोक्यात घरचे हप्ते, क्रिकेट, औषध कंपन्यांच्या एमआरची कटकट, सगळं असायचं. आणि जेव्हा मी सर्वात 'जागरूक' होतो, तेव्हाच चुकलो. मग सजगता म्हणतात ती नेमकी कशावर ठेवायची? श्वासावर ठेवली तर काम निसटतं, कामावर ठेवली तर श्वास. दोन्ही जमणारी माणसं असतील, तर कृपा करून सांगा कसं जमतं ते.

साडेचारची घंटा:

दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत. माझी सहा शिबिरं झाली आहेत, तरी हा घोळ मीही घातलाय. फक्त माझ्या हातात गोळ्या नव्हत्या, मुलांचे पेपर होते. एका पोराच्या गुणांची बेरीज चुकली.

आपल्याकडून गफलत कुठे होते, तर श्वास हे सरावाचं आलंबन, म्हणजे लक्ष टेकवायचा आधार आहे हे आपण विसरतो. डोळे मिटून बसलोय, दुसरं काही करायचं नाही, म्हणून श्वास. बुद्धाच्या सजगतेवरच्या सतिपट्ठान सुत्तात सुरुवात आनापानापासूनच, म्हणजे श्वास पाहण्यापासूनच होते, पण तिथं थांबत नाही. पुढे येतं की भिक्खू चालताना, वळून पाहताना, हात आखडताना आणि पसरताना, खातापिता, अगदी शौचाला जाताना जे करतोय ते जाणून करतो. त्याला 'सम्पजानकारी' म्हटलंय. हात पसरताना हात जाणायचा आहे. हात पसरताना श्वास पाहा, असं त्या ओळीत नाही. तुमचा हात रॅककडे गेला आणि तुम्ही होता नाकापाशी. सुत्ताच्या हिशेबानं तुम्ही त्या क्षणी गैरहजर.

मला सहाय्यक आचार्यांनी सांगितलं होतं की सकाळ-संध्याकाळ तासतास बसा आणि कामाच्या वेळी पूर्ण लक्ष कामात घाला. मधे मोकळीक मिळाली की क्षणभर आत डोकावा. मी तेव्हा ते कमी दर्जाचं काहीतरी समजले होते, नवशिक्यांसाठीची सवलत वगैरे. ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोयंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. आख्ख्या देशाचे हिशेब. ते श्वासात रमून आकडे मांडत असतील, असं मला वाटत नाही.

बायकोचं वाक्य मात्र पुन्हा एकदा वाचा. ते शाबासकीचं नाहीये.

गल्ल्यावरून:

मीही याच धंद्यात आहे, कोल्हापूरकडे. अध्यात्म बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारतो. 25 आणि 50 एकाच रॅकवर शेजारी शेजारी का? एकाच कंपनीचं, एकाच रंगाचं पाकीट, कोपऱ्यात बारीक आकडा, चूक होणारच. एक वरच्या खणात टाका, दुसरं खालच्या, मधे दुसरं औषध. मी खोक्यावर मार्करनं हातभर आकडा लिहून ठेवतो. दिसायला घाण दिसतं, चालतं.

दुसरं, अकरा तास उभं राहून बाजाराच्या दिवशी संध्याकाळी बुद्धालासुद्धा पाकीट ओळखू आलं नसतं. बाजाराच्या दिवशी तरी एक जास्तीचा माणूस ठेवा. वीस वर्षांत एकही चूक नाही यावर माझा विश्वास नाही, राग मानू नका. सापडली नाही इतकंच. आता तुम्ही रात्री खोकी मोजायला लागलात म्हणून सापडली.

काउंटरमागचा:

@गल्ल्यावरून, शेवटचं वाक्य लागलं. खरंय. वही मी पूर्वी महिन्यातून एकदा लिहायचो, रोज लिहायला लागलो ते शिबिरानंतरच. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

@साडेचारची घंटा, ताई, तुमचं पटतंय. पण कामात पूर्ण लक्ष म्हणजे काय, हे मला अजून उमजत नाही. गोळी काढायचं काम वीस वर्षांत असं झालंय की लक्षाची गरजच पडत नाही. हात आपोआप जातो. लक्ष द्यायला गेलो तर मन म्हणतं, यात बघायचंय काय?

बँकर इंजिन:

काका म्हणा मला, सत्तरीला टेकलोय. रेल्वेत आधी असिस्टंट, मग ड्रायव्हर. हल्ली लोको पायलट म्हणतात. इगतपुरीला आमची ड्यूटी बदलायची. तुम्ही पहाटे ऐकलेली ती शिट्टी आमच्याच कुणा भावकीतल्याची. कसाऱ्याहून चढताना 1 इन 37 चा चढ आहे, गाडीला मागून बँकर, म्हणजे जादा इंजिन लावून ढकलत आणतात.

तुमचा हा जो प्रश्न आहे ना, हात आपोआप जातो हा, त्यावर रेल्वेनं फार डोकं खपवलंय. सिग्नल दिसला की असिस्टंट हात करून मोठ्यानं म्हणणार, "होम, हिरवा!" होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. मग ड्रायव्हर तेच पुन्हा मोठ्यानं म्हणणार. दोघांनाही दिसतोय, दोघांचे डोळे शाबूत, तरी म्हणायचं. नवीन होतो तेव्हा हसू यायचं. पण तोंडानं म्हणायचं असेल तर आधी खरोखर बघावं लागतं. न बघता माणूस बघितल्यासारखं करू शकतो, न बघता रंग बोलणं त्याहून अवघड. दोन पिवळे दिवे दिसले तर त्या सिग्नलचं आमच्या नियमात नावच 'अटेन्शन'. थांबायचं नाही. पुढचा सिग्नल बेताच्या वेगानं ओलांडायची तयारी ठेवून जायचं.

आणि दुसरी बाजूही सांगतो. इंजिनात एक यंत्र असतं. मिनिटभर ड्रायव्हरनं काहीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरी काही केलं नाही तर ब्रेक लागतात. ते गप्प ठेवायला बटण दाबायचं. मी एकदा रात्री दोन-अडीचला मनमाडच्या अलीकडे बटण दाबत होतो. अगदी वेळच्या वेळी. असिस्टंट पोरगा चुणचुणीत होता, त्यानं विचारलं, "साहेब, मागचा सिग्नल कुठला होता?" मला सांगता येईना. बटण दाबणारा हात जागा होता, मी झोपलो होतो. पुढच्या स्टेशनपर्यंत त्यानं मला बोलतं ठेवलं, तोंडावर पाणी मारायला लावलं. पुढे महिनाभर त्याला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

तुमचा तो श्वास मला त्या बटणासारखा वाटतो. चूकभूल द्यावी घ्यावी, मी काही शिबिर वगैरे केलेलं नाही.

तेरणाकाठ:

बँकरकाका, नमस्कार घ्या. बटणाचं वाचून अंगावर काटा आला.

मी तेरची. म्हणजे गोरोबाकाकांच्या गावची. त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. भजनात दंग होऊन माती तुडवताहेत, रांगतं लेकरू चिखलात आलं ते कळलंच नाही. कीर्तनकार हा प्रसंग असा रंगवतात की सगळा मंडप डोळे पुसतो, काय ती भक्ती म्हणून. शेवटी पांडुरंग मूल परत देतो आणि सगळे मोकळे होतात. मी लहानपणी ऐकताना नेहमी त्या आईचा विचार करायचे. ती पाणी आणायला गेली होती. परत आल्यावर तिनं काय पाहिलं?

माझी आजी माळकरी, पंढरीची वारी कधी चुकली नाही. ती हरिपाठ म्हणत भाकरी थापायची. परातीवर थाप थाप आणि तोंडानं अभंग, दोन्ही एका लयीत. कधी भाकरी फाटली नाही, कधी चरण चुकला नाही. पण दूध चुलीवर चढलं की हरिपाठ थांबायचा. मधेच, चरण अर्धा टाकून. कडेला बुडबुडे धरायला लागले की ती पातेल्याकडे अशी बघायची की आम्ही पोरं पण गप्प व्हायचो. दूध वर आलं, खाली उतरवलं, झाकण तिरकं ठेवलं, की राहिलेला अर्धा चरण पुढे सुरू. मी एकदा विचारलं, "आजी, गोरोबाकाका तर थांबले नाहीत." ती म्हणाली, "त्यांच्या मागं इठोबा उभा होता बाई. आपल्या दुधामागं कोण हाय?"

दादा, तुमची काही कामं भाकरीची आहेत, काही दुधाची. सुटे मोजणं, पिशवी बांधणं भाकरीचं, तिथं श्वास पाहा की खुशाल. रॅकवर हात गेला की दूध चढलं समजा.

साडेचारची घंटा:

ताई, आजींना दंडवत. मात्र एक शंका: सुटे मोजताना तरी श्वास कशाला? मी मोजते तेव्हा हमखास दहा रुपये जास्त जातात.

काउंटरमागचा:

सगळ्यांचे आभार. दहा-बारा दिवस करून पाहिलं, म्हणून उत्तराला उशीर झाला.

25 वरच्या खणात, 50 खाली. मार्करनं आकडे टाकले, आमच्या पोरालाच अक्षर आवडलं नाही, त्यानं पुन्हा नीट लिहून काढले. बाजाराच्या दिवशी पुतण्या येतो.

बँकरकाकांचं ऐकून पाकीट काढलं की नाव आणि आकडा मोठ्यानं वाचतो, पोरगा बिलावर बघून तेच परत म्हणतो. पहिल्याच दिवशी घोटाळा. एक तरुण मुलगा हळू आवाजात काहीतरी मागून गेला, आणि मी सवयीनं नाव मोठ्यानं वाचलं. मागे त्याच्याच गल्लीतल्या दोन बायका. बिचारा सुटे न घेताच पळाला. तेव्हापासून काही औषधं आम्ही दोघंच पुटपुटतो.

एक गंमत कळली. मोठ्यानं वाचायला लागल्यापासून पाकीट दिसायला लागलंय. म्हणजे त्याचा कोपरा, बॅच नंबर, चकाकणारी पन्नी, सगळं. वीस वर्षं हे माझ्या हातातून जातंय आणि मी ते पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ओठावर मुंगी चालल्यासारखं व्हायचं ना, काहीसं तसंच. श्वास आपला आपण चालू असतो मागे. कधी कळतो, कधी नाही. संध्याकाळी आठनंतर मात्र काहीच कळत नाही, पाय दुखतात एवढंच.

परवा आजोबा आले. मी वाचलं, "मेटोप्रोलॉल, पंचवीस." पोरगा म्हणाला, "पंचवीस." आजोबांनी पाकीट माझ्या हातातून घेतलं, चष्मा कपाळावर सारला, डोळ्यांजवळ धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मागे रांगेत पाच-सहा माणसं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "पंचवीस!"